नेदर क्रंबलीची चिकट विकेट

क्लेमंट ट्विडलला फक्त एक पाटी लावायची होती. बारा इंच लांब, नऊ इंच रुंद, पितळेची. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. गावच्या क्रिकेट क्लबच्या लाकडी पॅव्हेलियनवर, दाराच्या डाव्या हाताला. एवढ्याने एखाद्या सभ्य माणसाचा उन्हाळा धुळीला मिळेल, असं त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

झालं असं, की मार्च महिन्यात चर्चचं जुनं कपाट आवरायचं काम त्याच्यावर आलं. त्याच्यावर म्हणजे त्याची बायको ऑड्री हिने ते परस्पर कबूल केलं होतं. निवृत्त नवरा घरात दिवसभर दिसायला लागला की तो दुपारपर्यंत तरी दुसऱ्याच्या घरात दिसावा, अशी व्यवस्था नेदर क्रंबलीतल्या सगळ्याच बायका करतात. त्या कपाटात मेणबत्त्यांचे तुकडे, एक मेलेली पाकोळी आणि एझेकिएल थ्रिप नावाच्या पाद्र्याची १८७१ सालची वही सापडली. वहीत एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं :

'शनिवारी बाहेरून आलेल्या अकरा जणांसमोर गावाची फार शोभा झाली. त्या स्टिकी विकेटपुढे कोणाचंच काही चालेना. आर्चडीकन पहिल्याच'

आर्चडीकन म्हणजे बिशपखालोखालचे पाद्री, पण ते पहिल्याच काय, हे न सांगताच पान संपलं होतं.

क्लेमंट त्या थंडगार खोलीत मेलेल्या पाकोळीशेजारी मट्कन खालीच बसला.

आता इंग्रज माणूस अडचणीत आला तर 'मी अडचणीत आहे' असं कधीच म्हणत नाही. ते उघडंवाघडं दिसतं. तो म्हणतो, 'मी जरा स्टिकी विकेटवर आहे.' पंतप्रधानाचं सरकार डळमळलं की तोही हेच म्हणतो आणि बायकोचा वाढदिवस विसरलेला नवराही हेच म्हणतो. मूळ गोष्ट क्रिकेटची. खेळपट्टी पावसात भिजायची, मग तिच्यावर ऊन पडायचं, आणि वाळता वाळता ती गुळासारखी चिकट व्हायची. मग चेंडू कधी नाकावर येई, कधी घोट्यावर, कधी वाटेत थांबून विचार केल्यासारखा. पुढे खेळपट्टीवर आच्छादनं घालायची पद्धत आली आणि चिकट विकेट नामशेष झाली. ती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पण तिच्यावर उभं राहून भाषण करणाऱ्यांना तोटा नाही.

शब्दकोशवाल्यांना या शब्दांचा सर्वांत जुना छापील पुरावा सापडलाय तो १८८० नंतरचा. क्लेमंटने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि संध्याकाळी जेवताना ऑड्रीला म्हणाला, "ऑड्री, इंग्लंडच्या सगळ्या अडचणींचा जन्म आपल्या गावात झालाय."

"मला नवल नाही वाटत," ऑड्री म्हणाली. "वाटाणे घे."

पहिला सल्ला शेजारच्या बेसिल ग्रोटने दिला. बेसिल निवृत्त दंतवैद्य. समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशा वेळी बोलायची त्याला सवय लागलेली. क्लेमंट तोंडात खिळे धरून कुंपण ठोकत होता, तेवढ्यात बेसिल आला.

"ट्विडल, पाटी लावताय म्हणे? कोणाला विचारू नका. सरळ लावून टाका. विचारलंत की मेलात."

क्लेमंटला हे पटलं नाही. त्याने एकतीस वर्षं जिल्ह्याच्या सांडपाणी खात्यात काढली होती. न विचारता गटार जोडणाऱ्या माणसांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. तोंडातले खिळे काढून तो म्हणाला, "ग्रोट, पद्धत म्हणून काही असते."

पद्धत अशी निघाली, की आधी ग्रामसभेकडे अर्ज. ग्रामसभेच्या अध्यक्षा मिसेस हेदरसेज. या बाईंना आयुष्यात कोणी 'नको' म्हटलेलं नव्हतं, कारण त्या प्रश्नच तसा विचारत नसत. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे चमकले.

"मिस्टर ट्विडल, नुसती पाटी? अहो, समारंभ करू! खासदारांना बोलवू. शेजारच्या ओव्हर क्रंबलीशी सामना ठेवू. त्यांच्याकडे काय आहे? एक बदकांचं तळं. तेही गळकं."

"माझी कल्पना जरा साधी होती," क्लेमंट म्हणाला.

"तुमची कल्पना आता गावाची झालीय," मिसेस हेदरसेज म्हणाल्या. क्लेमंटला उगाचच खिसा कापला गेल्यासारखं वाटलं.

पाटीच्या मजकुरासाठी समिती नेमली गेली. क्लेमंटने लिहून आणलं होतं : 'स्टिकी विकेट या शब्दप्रयोगाचं जन्मस्थान.' पहिल्या बैठकीत 'जन्मस्थान' फार ठाम वाटतं म्हणून 'संभाव्य जन्मस्थान' झालं. दुसऱ्या बैठकीत 'संभाव्य' हा शब्द गावाचा अपमान आहे असं ठरलं. तिसऱ्या बैठकीत बेसिल ग्रोटने 'विश्वविख्यात' हा शब्द सुचवला आणि आपण गंमत केली हे कोणाच्या लक्षात येण्याआधी तो मंजूर झाला. शेवटी क्लेमंटचं स्वतःचं असं 'या' एवढंच उरलं.

पुढचा अर्ज जिल्हा कार्यालयात. पॅव्हेलियन वारसा यादीतलं, शंभर वर्षांचं, त्यामुळे सोळा पानी फॉर्म. क्लेमंटने तो एका बैठकीत भरला. दुसऱ्यांना फॉर्म भरताना चुकतं तरी काय, हे त्याला नोकरीभर कळलं नव्हतं. अकराव्या पानावर प्रश्न होता : 'इमारतीत बॅट्स आहेत काय? असल्यास संख्या व अवस्था.' क्रिकेट क्लबला हे काय विचारणं झालं, असं मनाशी म्हणत त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'चौदा. पैकी दोन मोडक्या, एकीला तेल लावणे आवश्यक.'

आठच दिवसांत जिल्हा कार्यालयाच्या वन्यजीव विभागातून मिस पॉमरॉय नावाची तरुण बाई दारात हजर. पायात गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण, चेहऱ्यावर नुकतीच रडून आल्याची खूण.

"मिस्टर ट्विडल, दोन मोडक्या म्हणजे पंख मोडलेत का? आणि तेल कसलं लावता हो तुम्ही? वटवाघळाला तेल लावणं हा गुन्हा आहे!"

इंग्रजांच्या भाषेत खेळायची बॅट आणि उलटं लटकणारं वटवाघूळ या दोघांना एकच नाव आहे, हे क्लेमंटला जन्मापासून ठाऊक होतं. पण योग्य वेळी ते आठवलं नाही, आणि एकतीस वर्षं फॉर्म तपासलेल्या माणसाने ते कबूल कसं करायचं? तो ताठ उभा राहून म्हणाला, "कार्यालयीन भाषेत संदिग्धता नसावी, एवढंच मला दाखवून द्यायचं होतं."

आतून ऑड्रीला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण मिस पॉमरॉय कर्तव्यदक्ष होती. आलेच आहे तर बघून जाते म्हणून ती पॅव्हेलियनच्या माळ्यावर चढली आणि डोळ्यांत आनंदाश्रू घेऊन उतरली. माळ्यावर खरोखरच वटवाघळं होती. एकोणचाळीस. सगळ्या बाळंतिणी.

तिसऱ्या दिवशी पॅव्हेलियनला कुलूप लागलं. सप्टेंबरपर्यंत आत कोणी जायचं नाही, दार उघडायचं नाही, जवळपास मोठ्याने बोलायचं नाही. आत क्लबच्या चौदा बॅटी, पॅड, चहाची मोठी किटली आणि खेळपट्टीवर घालायची आच्छादनं. पाटीला मात्र परवानगी मिळाली : बाहेरच्या भिंतीवर, चार स्क्रू, हाताने फिरवायच्या गिरमिटाने, मंगळवारी अकरा ते बारा, बाळंतिणींना त्रास न होईल अशा बेताने.

गावाने क्लेमंटशी बोलणं सोडलं. सोडलं म्हणजे इंग्रजी पद्धतीने सोडलं. सगळे त्याच्याशी हवेबद्दल अधिकच गोड बोलायला लागले. कसायाने त्याला मटणातला हाडाकडचा भाग द्यायला सुरुवात केली. क्लबचा कर्णधार रस्त्यात भेटला की म्हणे, "छान ऊन पडलंय, नाही? घरातल्या झाडूने खेळतोय आम्ही सध्या."

एकट्या विल्फ टॅन्सीने बोलण्याची तऱ्हा बदलली नाही, कारण तो मुळातच फारसा बोलत नसे. विल्फ अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. पन्नासेक वर्षं क्लबचा धावफलक लिहीत आलेला. मैदानाकडेच्या बाकावर तो पाइप चावत बसे. पाटी बसवायच्या मंगळवारी क्लेमंट घामाघूम होऊन, श्वास रोखून गिरमिट फिरवत होता. विल्फने पाटी वाचली, पाइप काढला, क्लेमंटकडे पाहिलं, पाइप पुन्हा तोंडात घातला.

"काय म्हणता, विल्फ?" क्लेमंटने कुजबुजत विचारलं.

"पितळ चांगलं आहे," विल्फ म्हणाला.

समारंभ जुलैच्या दुसऱ्या शनिवारी ठरला. शुक्रवारी दिवसभर आणि रात्रभर पाऊस लागला. आच्छादनं वटवाघळांच्या ताब्यात. शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं आणि मिसेस हेदरसेज देवाने आपलं पत्र वाचल्यासारख्या समाधानाने मैदानावर फिरू लागल्या.

दहा वाजता स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने मूळ वहीचा फोटो मागितला. क्लेमंट चर्चमध्ये गेला. वही उजेडात धरली, तेव्हा त्याला दिसलं की ते प्रसिद्ध पान नेहमीपेक्षा जाड आहे. सव्वाशे वर्षांच्या दमटपणाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्याने ऑड्रीची लोणी लावायची सुरी आणून ती हलक्या हाताने सोडवली, आणि पुढचं पान वाचलं :

'पावलाला तिला असे चिकटले की त्यांना सोडवताना विजारीचा मागचा भाग फाटकालाच राहिला. आदल्या दिवशी रंग देणाऱ्याने त्यात काय मिसळलं होतं ते देव जाणे. बिशपच्या मंडळाचे बाकीचे दहा सदस्य कुंपणावरून चढून आले. यापुढे चर्चची विकेट पाहुणे येण्याच्या आठवड्यात रंगवू नये.'

विकेट म्हणजे मुळात छोटं फाटक. क्रिकेटच्या स्टंपांना ते नाव फाटकावरूनच मिळालं. क्लेमंटला हे माहीत होतं. बेसिल ग्रोटलाही माहीत होतं. समितीतल्या सातही जणांना माहीत होतं. पाद्री थ्रिपने तर क्रिकेटचा क सुद्धा लिहिला नव्हता.

तो धावतच मैदानावर आला. "मिसेस हेदरसेज, पाटी खोटी आहे."

"पितळेचीच आहे ना?"

"मजकूर खोटा आहे! ते फाटक होतं. आर्चडीकन चिकटले होते!"

मिसेस हेदरसेजनी त्याच्या कोपराला धरून त्याला मंडपामागे नेलं. "मिस्टर ट्विडल, खासदार आलेत. पडदा लावून झालाय. आठवण म्हणून विकायची, पाटीच्या मजकुराची दोनशे फडकी छापून झालीत. आपण सत्याबद्दल सोमवारी बोलू."

खासदारांनी भाषणात 'स्टिकी विकेट' नऊ वेळा वापरलं. विल्फने सवयीने धावफलकाच्या वहीत नऊ रेघा मारल्या. पक्ष चिकट विकेटवर होता, देश होता, युरोपही होता. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, हळू झाल्या, बाळंतिणी होत्या. आणि एक वाजता, ओव्हर क्रंबलीकडून उसन्या घेतलेल्या बॅटींनी, सामना सुरू झाला.

पहिलाच चेंडू टप्पा पडल्यावर जागीच उभा राहिल्यासारखा झाला आणि तिथून थेट गावच्या कर्णधाराच्या हनुवटीवर गेला. दुसरा सरपटत आला. तिसऱ्याने काटकोनात वळून दांडी उडवली. आयुष्यभर जिचं नाव तोंडात खेळवलं ती चिकट विकेट कोणी पाहिलीच नव्हती. ती आता बावीस यार्डांत ओली, चकाकत, उन्हात वाफाळत पसरली होती. खासदारांना अचानक दुसऱ्या गावची भेट आठवली.

नेदर क्रंबलीचे गडी येत गेले आणि हातपाय चोळत परत गेले. एकोणीस धावांत नऊ बाद. अकरावा खेळाडू बेसिल ग्रोट. त्याने नवव्या गड्याचा अंगठा पाहिला, कमरेवर हात ठेवला आणि कळवळून म्हणाला, "पाठ धरली हो! नेमकी आत्ताच!" ओव्हर क्रंबलीच्या कर्णधाराने उदारपणे सांगितलं, की त्यांच्याऐवजी कोणीही चालेल. सगळ्यांनी क्लेमंटकडे पाहिलं. आमची आच्छादनं कोणामुळे आत आहेत, हे सगळ्यांच्या डोळ्यांत लिहिलं होतं.

क्लेमंटने हातात बॅट शेवटची धरली त्याला चौतीस वर्षं झाली होती. पॅड वटवाघळांकडे, म्हणून ऑड्रीने त्याच्या नडग्यांना दोन उशा बांधल्या. "मरू नकोस," ती हळूच म्हणाली, "आणि उशा फाडू नकोस."

पहिला चेंडू बरगडीत बसला. दुसरा मांडीत. इतक्यात बाकावरून आवाज आला. विल्फ टॅन्सी उभा राहिला होता. तो उभा राहिलेला कित्येकांनी पहिल्यांदाच पाहिला.

"पोरा, पुढे काय येतोस मरायला? मागे हो! बॅट सैल धर, आजारी माणसाचा हात धरतात तशी! चेंडू येऊ दे, मग ठरव!"

क्लेमंट मागे झाला. बॅट सैल धरली. चेंडू बॅटला लागून मेल्यासारखा पायाशी पडला. पुढचाही पडला. पुढचा पोटात बसला, पण त्यानंतरचे तीन पुन्हा पायाशी. दुसऱ्या टोकाला खेळणारा गावचा पोस्टमन डोळे मिटून फटके मारत होता आणि धावा निघत होत्या. क्लेमंटने पस्तीस मिनिटांत एकही धाव काढली नाही. त्याच्या अंगावर चेंडूचे अकरा शिक्के उठले आणि डाव्या उशीतून पिसं उडत होती. डाव चौतिसांवर संपला तेव्हा तो नाबाद शून्यावर होता. नेदर क्रंबली त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

ओव्हर क्रंबलीचा डाव एकतीस धावांत संपला.

मग चहा झाला. कर्णधाराने सुजलेल्या हनुवटीने क्लेमंटचा मुका घेतला. कसायाने सोमवारी चांगला तुकडा राखून ठेवतो म्हणून शब्द दिला. मिसेस हेदरसेज चमच्याने कप वाजवून म्हणाल्या, "आपले नायक, ज्यांनी या विश्वविख्यात विकेटचा शोध लावला, ते मिस्टर ट्विडल दोन शब्द बोलतील. दोनच."

क्लेमंट उठला. अंगातला एकूणएक अवयव त्याला बसायला सांगत होता. एवढ्या प्रेमाने गाव त्याच्याकडे पुन्हा कधी पाहणार नव्हतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. नुसतं 'आभारी आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं, दोन शब्दही झाले असते. त्याने कोटाच्या खिशातून वही काढली आणि दोन्ही पानं वाचून दाखवली. विजारीचा भागसुद्धा त्याने गाळला नाही.

इंग्रजांची शांतता फार शिस्तीची असते. प्रत्येकाने आपापल्या कपात पाहिलं.

"फाटक हिरवं होतं," बाकावरून विल्फ म्हणाला. "माझ्या आजोबांनी रंगवलं होतं. रंग लवकर वाळेना म्हणून त्यात काकवी घातली. का घातली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बुद्धीने बेतासबात होते. मरेपर्यंत त्या आर्चडीकनच्या विजारीची गोष्ट सांगायचे."

मिसेस हेदरसेजच्या हातातला चमचा पडला. "मिस्टर टॅन्सी! चार महिने समिती बसतेय! तुम्ही बोलला का नाहीत?"

विल्फने जरा विचार केला. "तुम्ही समितीला विचारत होता, बाई. मला नाही."

ऑड्री इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग पोस्टमन हसला, मग कसाई, मग कर्णधार हनुवटी धरून हसला. मिसेस हेदरसेज तेवढ्या हसल्या नाहीत. त्या फडक्यांकडे पाहत होत्या.

सोमवारी क्लेमंटने पाटी काढण्यासाठी अर्ज केला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. पाटी आता वारसा यादीतल्या इमारतीला जोडलेली असल्याने ती त्या इमारतीचा भाग ठरते. भागाचं स्वरूप बदलायचं तर ऐतिहासिक कारण दाखवावं लागेल. मजकूर खोटा असणं हे कारण यादीत नाही. शिवाय सदर पाटीमागे एका वटवाघळीने संसार थाटल्याचं मिस पॉमरॉय आनंदाने कळवत होत्या.

तेव्हापासून उन्हाळ्यात लोक येतात. दूरदूरहून, गाड्या घेऊन. पाटी वाचतात, 'वा!' म्हणतात आणि आपण आयुष्यात कोणकोणत्या चिकट विकेटवर उभे होतो ते एकमेकांना सांगतात. क्लेमंटने पहिल्या वर्षी प्रत्येकाला खरी गोष्ट सांगून पाहिली. ते मनापासून हसायचे, गावाच्या विनोदबुद्धीचं कौतुक करायचे आणि जाताना फडकं विकत घ्यायचे. पुढे त्याने सांगणं सोडलं.

परवा लीड्सहून एक जोडपं आलं होतं. बाई सडपातळ, नवरा चांगला कपाटाएवढा. क्लेमंट गवत कापत होता. बाईंनी कॅमेरा पुढे केला. "एक फोटो काढाल का आमचा? पाटी यायला हवी हं, पाटीसाठीच आलोय!"

"अवश्य," क्लेमंट म्हणाला. त्याने हात पुसले, कॅमेरा डोळ्याला लावला. "साहेब, तुम्ही जरा डावीकडे. आणखी थोडं. डोकं सरळ. आणखी एक पाऊल मागे... हां, आता हलू नका."

साहेबांच्या डोक्यामागे अख्खी पाटी, शेवटच्या अक्षरासकट, झाकली गेल्यावर त्याने कळ दाबली.